पार्सल वाटेत गहाळ झालं तर पैसे कोणी भरायचे?

तुम्ही इन्स्टावर पैठणीच्या पर्स विकता, कुरिअरने एक हरवली आणि ग्राहक पैसे परत मागतेय. द्यावे लागतील का? माझ्या मते, हो.

१९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ३९ नुसार माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तो ग्राहकाला पोचल्यासारखाच धरतात, पण तुमचं-तिचं वेगळं ठरलं नसेल तरच. ‘घरपोच’ लिहून पैसे घेतले असतील, तर हे कलम फार वेळ तुम्हाला वाचवणार नाही. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कबूल तारखेनंतर पोचलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही; पूर, वादळासारखी कारणं वेगळी.

कुरिअरशी भांडायचं तुम्ही, ग्राहकाने नव्हे. पावती तुमच्या नावावर असते ना! तिच्या मागची बारीक अक्षरं वाचा. विमा नसेल तर भरपाई बहुधा किरकोळच असते. माझी लोणच्याची बरणी फुटली तेव्हा तेल गळून पावतीच वाचता येईना. तेव्हापासून पॅकिंग करतानाचा व्हिडिओ, वजन आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी ग्राहकाला व्हॉट्सॲपवर टाकते. महागड्या पर्सचा विमा काढाच.