घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी बनवलेलं ॲप वापरायला सोपं आहे का, हे कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की मधुमेही रुग्णांच्या घरच्यांसाठी औषधं आणि साखरेच्या नोंदींचं ॲप तयार आहे, आता मेडिकल कॉलेजच्या ओपीडीबाहेर नातेवाइकांकडून एसयूएसचा (सिस्टिम युजेबिलिटी स्केल, म्हणजे वापरायला किती सोपं ते मोजणारी प्रश्नावली) फॉर्म भरून घेतला तर प्रोजेक्टला पुरेल का. माझ्या मते नाही पुरणार. फॉर्म जरूर घ्या, पण आधी त्यांच्या घरी जा. तेही निवांत दुपारी नाही, सेवेची धावपळ चालू असते तेव्हा.

मी नागपुरातच अशा चाचण्या करते. महाल भागातल्या एका घरी सकाळी सून सासऱ्यांची साखर तपासत होती. गॅसवर कुकर, मुलाचा डबा अर्धा भरलेला. मशीनवर 212 आला. ॲप उघडलं तर लॉगिन गेलेलं, ओटीपी सासऱ्यांच्या नंबरवर आणि त्यांचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. तेवढ्यात शाळेच्या ऑटोवाल्याने हॉर्न दिला. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेखाली 212 लिहिलं आणि पोराला घेऊन खाली धावली. सांभाळणाऱ्याला स्वतःच्या नंबरवरून स्वतंत्र लॉगिन हवं, हे मला कुठल्याही फॉर्ममधून कळलं नसतं. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला कोणी तोंडावर वाईट म्हणत नाही, ‘छान आहे जी’ म्हणून खुणा करून देतात.

एसयूएस जॉन ब्रुक यांनी 1986 मध्ये तयार केला. दहा विधानं, आळीपाळीने एक सुलट, एक उलट; प्रत्येकाला 1 (अजिबात पटत नाही) ते 5 (पूर्ण पटतं) असं उत्तर. विषम क्रमांकाच्या उत्तरातून 1 वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर 5 मधून वजा करायचं, बेरजेला 2.5 ने गुणायचं. गुण 0 ते 100 मध्ये येतात, पण ती टक्केवारी नव्हे. साधारण 68 ही सरासरी धरतात. न वाचता सगळीकडे 5 वर खूण करणाऱ्याचे गुण बरोबर 50 निघतात, असे फॉर्म वेगळे काढा. ‘ॲप विनाकारण किचकट वाटलं’ अशी उलट विधानं वाचून दाखवा आणि त्यांना काय समजलं ते विचारा.

घरी गेल्यावर शिकवू नका, काम द्या. ‘रात्रीची गोळी राहिली, आता काय कराल?’ मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा आणि तुम्ही गप्प राहा. मध्येच फोन आला तर अर्धवट भरलेला आकडा टिकतो का, तेही पाहा. चुकून 212 ऐवजी 21 टाकलं तर ॲप हटकतं का? माझ्यासाठी ही सगळ्यात मोठी कसोटी आहे, कारण त्या आकड्यावर कोणी इन्सुलिनचा डोस ठरवू शकतं.

पाच जणांत बहुतेक अडचणी सापडतात, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. पण ते एकसारख्या वापरकर्त्यांना लागू पडतं. साठीतली बायको, नोकरी करणारी सून आणि पुण्यातून फोनवर लक्ष ठेवणारा मुलगा हे तीन वेगळे गट धरा.

कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या, आणि संमती रुग्णाची व सांभाळणाऱ्याची, दोघांचीही. तुमच्या डोळ्यांसमोर खरोखर चुकीचा डोस दिला जात असेल तर चाचणी तिथेच थांबवून बोलायचं, हे घरात पाऊल ठेवण्याआधी गटात ठरवून ठेवा.