"मॅडम, हे बाहेर जाणार नाही ना?"

मी समुपदेशक. समोरचा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हा प्रश्न येतो. कुणी हसत विचारतं, कुणी दाराकडे बघत. गेल्या आठवड्यात तिघांनी विचारला, म्हणून लिहायला बसले.

सुरुवातीच्या वर्षांत मी म्हणायचे, "अजिबात नाही, निश्चिंत राहा." हे उत्तर पूर्ण खरं नव्हतं, आणि समोरच्याला त्याचा वास येतो.

ज्यांच्यामुळे माझं उत्तर बदललं, त्या बाईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. पस्तिशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या, एका मुलाच्या आई. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हे म्हणतात, तू वेड्यांच्या डॉक्टरकडे जातेस एवढं कोर्टात सांगितलं की पोरगा माझा."

यावर धीराचे चार शब्द बोलून भागणारं नव्हतं. त्यांना सांगितलं, की मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा आहे आणि उपचार घेतले म्हणून माणूस 'विकल मनाचा', म्हणजे कायद्याच्या लेखी मन ताळ्यावर नसलेला, ठरत नाही, असं त्याच्या कलम 3 मध्येच आहे. आजाराचं निदान झालं तरी नाही. तसं ठरवायचं तर सक्षम न्यायालयच ठरवू शकतं. आणि मुलाचा ताबा देताना न्यायालय बघतं ते मुलाचं हित.

"आणि तुमची वही?"

इथे मला खरं बोलावं लागलं. त्याच कायद्याच्या कलम 23 नुसार उपचार करणाऱ्याने गुप्तता पाळायची असते, पण त्याला अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, न्यायालयाचा आदेश आला, तर सांगता येतं, आदेशापुढे तर सांगावंच लागतं. इजा टाळण्यासाठी सांगायचं तेही गरजेपुरतंच. अख्खी वही कुणाच्या हातात ठेवायची नसते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. वकील आणि अशिलाच्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते आम्हाला नाही. आणखी एक गोष्ट आमच्यातले बरेच जण सांगत नाहीत: मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत साध्या समुपदेशकाचं नावच नाही. तेव्हा मी गप्प राहते ती बरीचशी व्यवसायाच्या नीतीने आणि तुम्हाला दिलेल्या शब्दाने.

हे ऐकून त्या उठून जातील असं मला वाटलं होतं. गेल्या नाहीत, पण पुढच्या तीन भेटी शाळेच्या गॅदरिंगवर आणि पेपर तपासण्यावर गेल्या.

मधेच यजमानांचा फोन. "तिचं काय चाललंय ते जरा सांगा. फी मी भरतो."

"माझ्याकडे कोण येतं, कोण नाही, हे मी कुणालाच सांगत नाही."

"अहो, मीच तिला तुमच्या दारात सोडतो!"

"तरीही नाही सांगता येणार."

ते चिडले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. फी भरणारा म्हणजे सगळं जाणून घ्यायचा हक्कदार, असं घरोघरी धरून चालतात. अल्पवयीन मुलाचे पालक असतील तर गोष्ट वेगळी. सज्ञान माणसाच्या बाबतीत पावती कुणाच्याही नावाची असो, बोलणं त्याचंच. फोन आल्याचं मी बाईंना पुढच्या भेटीत सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांनी दोनदा विचारलं, "खरंच काही नाही सांगितलंत?"

आणि त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं (पहिल्याच भेटीत यायला हवं होतं), की मी पेन टेकवलं की त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटतं. मी काही बोलले नाही. वही उलटी फिरवून त्यांच्यापुढे सरकवली.

पानावर होतं: झोप चार तास. मुलाचं नाव घेताना हसल्या. स्वतःला तापट म्हणतात. वहीकडे पाहतात.

मुलांची वही तपासावी तसं ओळीवर बोट ठेवून वाचलं त्यांनी. "एवढंच?" मग बोट मागे गेलं. "तापट? हे मी म्हटलं?"

"पहिल्या दिवशी. दोनदा."

त्या बराच वेळ गप्प. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते, काहीतरी शहाणं बोलावंसं वाटतं. मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वाटेवरची. माणसाला त्याचं उत्तर सापडतं, आपण आड येऊ नये, यावर माझा विश्वास आहे. इतक्या वर्षांत मला खरं काय जमलं असेल तर असं गप्प बसणं. पंख्याचा आवाज ऐकत बसले.

"हा माझा शब्द नाहीये, मॅडम. बारा वर्षं शिकवतेय, एका पोरावर हात उगारला नाही कधी. हा आमच्या घरातला शब्द आहे." आणि हात पुढे केला. "पेन द्या."

नोंद खोडून काळी करायची नसते. एकच रेघ मारायची, मूळ शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. तसं सांगितलं. त्यांनी पट्टी मागून घेतली, सरळ रेघ मारली, सही केली, मीही केली.

"याच्या जागी काय लिहू?" मी विचारलं.

"काही नको. असू दे रिकामं."

तोवर मला वाटत होतं, त्यांना भीती वही बाहेर जाण्याची आहे. भीती होती ती वहीत दुसऱ्याच कुणाची बाई सापडण्याची. हे कळायला मला पाच भेटी लागल्या.

म्हणून आता पहिल्याच भेटीत अपवाद सांगते आणि वही उघडी ठेवते. तुम्ही जिथे जाता तिथे विचारा: काय लिहिता, कुठे ठेवता, कोण वाचतं, मला दाखवाल का. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं का ते ठरवा. आजाराचे उपचार सुरू असतील तर आणखी एक करा. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे तुमचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांचे निर्णय घेताना तुमच्या पाठीशी राहणारा माणूस, तुम्हीच नेमू शकता. साधा कागद आणि सही पुरते. नेमला नाहीत तर ती जागा आपोआप नातेवाइकाकडे जाते, आणि प्रतिनिधीला त्याच्या कामापुरती माहिती देता येते. बाईंना याची गरज नव्हती, तरी त्यांनी हे लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि धाकट्या बहिणीचं नाव घेतलं.

निघताना दारात थांबल्या. "त्या पानाची झेरॉक्स मिळेल?"

मी काढून दिली. घडी घालून त्यांनी ती पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि खाली गाडी थांबली होती तिकडे गेल्या.