11 संघ पाठ करण्याआधी एक सुंगट उलटं करून बघा

ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत. अकरावीतली मुलगी प्राण्यांच्या 11 संघांचा, म्हणजे मोठ्या गटांचा, तक्ता पाठ करते आणि चार दिवसांत सगळं एकमेकांत मिसळतं, हा पहिला. आणि तारामासा खेकड्यापेक्षा माणसाला जवळचा, हे तिला काही केल्या पटत नाही, हा दुसरा. माझ्या मते दोन्हींचं दुखणं एकच आहे: ती प्राणी बाहेरून बघते आहे. संघ ठरतो तो आतल्या मांडणीवरून. अन्नमार्गाला तोंडं किती, मज्जारज्जू पोटाकडून जातो की पाठीकडून, सांगाडा आत की बाहेर, अंगाला डावं-उजवं आहे की नाही. एवढं विचारायची सवय लागली की तक्ता आपोआप भरतो.

तेव्हा पुस्तक मिटा आणि बाजारातून थोडी मोठी सुंगटं (कोळंबी), एक बांगडा, दोन माणकी (स्क्विड) आणि वाटाभर तिसऱ्या (शिंपल्या) आणा. कालवण नंतर होईलच.

आधी सुंगट. साफ करताना पाठीतून जो काळा दोरा आपण ओढून टाकतो, ते त्याचं आतडं. म्हणजे अन्नमार्ग पाठीच्या बाजूने जातो. आता सुंगट उताणं करा, पोटाकडची पातळ साल अलगद सोलून काढा. पायांच्या मुळांच्या मधोमध एक बारीक पांढरट दोरा दिसेल, ठरावीक अंतरावर गाठी असलेला. तो मज्जारज्जू. हृदय मात्र डोक्याकडच्या कवचाखाली, पाठीला लागून. मग बांगडा घ्या. त्याचं पोट चिरलं की आतडी हातात येतात, हृदय गळ्याखाली पोटाच्या बाजूला, आणि मज्जारज्जू कण्याच्या वरच्या अंगाला, पाठीत. सुंगटाचा सगळा क्रम उलटा! मुलीला हे स्वतःच्या हाताने करू द्या. 'संधिपादांत (सुंगट, खेकडा असल्यांत) मज्जारज्जू पोटाकडे, पृष्ठवंशीयांत (कणा असलेल्यांत) पाठीकडे' ही ओळ तिला पुन्हा पाठ करावी लागणार नाही.

यातली गंमत दोनशे वर्षं जुनी आहे. 1822 मध्ये जोफ्रुआ सेंट-हिलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने हेच शेवंडाच्या बाबतीत मांडलं: शेवंड उताणा ठेवला तर त्याच्या अवयवांची मांडणी आपल्यासारखीच दिसते. त्याचा सहकारी क्युव्हिए याला ते मान्य होणं शक्य नव्हतं. त्याच्या मते प्राण्यांचे आराखडे चार, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. 1830 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दोघांचं जाहीर भांडण झालं, आणि त्याला निमित्त ठरले माणक्यांच्या कुळातले प्राणी! लोकांच्या लेखी क्युव्हिए जिंकला, जोफ्रुआची कल्पना विक्षिप्त म्हणून मागे पडली. पण 1990च्या दशकात माशी आणि बेडूक यांच्या गर्भांचा अभ्यास करताना दिसलं, की 'इथे मज्जासंस्था होऊ द्या' असं ठरवणारी जनुकं दोघांतही एकाच घराण्यातली आहेत. माशीत ती पोटाच्या बाजूला काम करतात, बेडकात पाठीच्या. आपल्या पूर्वजांच्या वाटेवर कधीतरी वरची बाजू खाली झाली, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. परीक्षेत हे येणार नाही, पण असली एखादी गोष्ट कळली की बाकीचं वाचावंसं वाटतं.

आता तारामासा. रापणीच्या जाळ्यात मासळीबरोबर वाळूतले छोटे तारामासे येतात आणि किनाऱ्यावर टाकून दिले जातात, तिने पाहिले असतील. पाच हात, डोकं नाही, डावं-उजवं नाही. याला आपल्या जवळचा कोण म्हणेल? पण त्याची अळी बघा: ती सरळ डावी-उजवी बाजू असलेली, पाण्यात पोहणारी असते. पाच हातांची रचना नंतर येते, आणि हातांतून फिरणाऱ्या पाण्याच्या नळ्यांचं जाळं तर अळीच्या डाव्या अंगाच्या एका पिशवीपासून तयार होतं. त्याच्याही आधी, गर्भ पेशींचा पोकळ गोळा असताना त्यात जे पहिलं छिद्र पडतं, ते कंटकचर्मींत (तारामाशाच्या संघात) आणि आपल्यात गुदद्वाराच्या बाजूला जातं; तोंड मागाहून उघडतं. संधिपाद, मृदुकाय (तिसऱ्या, माणकी), वलयी (गांडूळ) या प्राण्यांची वाट वेगळी. त्यांतल्या अनेकांत पहिलं छिद्र तोंडाकडे जातं. अपवाद आहेत, पण जनुकांच्या तुलनेनेही हीच दोन घराणी निघतात. म्हणून खेकडा त्या घरचा आणि तारामासा आपल्या घरचा. 2023 मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात तारामाशाच्या कातडीत कुठली जनुकं कुठे काम करतात ते पाहिलं, तर बहुतेक सगळीकडे इतर प्राण्यांच्या डोक्याकडची जनुकं सापडली, धडाची जवळजवळ नाहीतच. डोकं नसलेला प्राणी म्हणावा तर तो निघाला डोकंच डोकं.

पूर्ण वाढलेला प्राणी फसवतो आणि अळी खरं बोलते, याचं दुसरं उदाहरण गोव्यातल्या हणजूण किंवा वागातोरच्या खडकांवर सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी दिसेल. खडकाला चिकटलेले, पायाला खरचटणारे पांढरट शंकूसारखे बार्नकल. दिसायला थेट शिंपल्यासारखे, आणि फार काळ त्यांना मृदुकायांतच धरत. 1830च्या सुमारास त्यांच्या अळ्या पाहिल्या गेल्या आणि कळलं की हे सुंगट-खेकड्यांचे भाऊबंद आहेत. अळी डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटते, भोवती कवच बांधते आणि उरलेलं आयुष्य पायांनी पाणी ढवळून अन्न ओढत काढते. डार्विनने आठ वर्षं या प्राण्यांवर घालवली, तेव्हा मुलीने अर्धा तास द्यायला हरकत नाही.

उलट, जे अजिबात सारखे दिसत नाहीत ते एका घरचे असू शकतात. तिसरी आणि माणकी शेजारी ठेवा. दोघांच्या अंगाभोवती मांसल आवरण आहे, आवरणाच्या पोकळीत कल्ले आहेत. तिसरीने डोकं टाकून दिलं आणि दोन शिंपांत बसून पाणी गाळायचं ठरवलं. माणकीने शिंप आत घेऊन पातळ केली (साफ करताना निघणारी ती पारदर्शक पात म्हणजे कवचाचा अवशेष), आणि मृदुकायांचा जो पाय, त्याचेच हात झाले. जुन्या घरांच्या खिडक्यांना लावलेले अर्धपारदर्शक शिंपलेही याच संघातले.

स्पंज आणि जेलीफिश झटपट उरकता येतात. स्पंजाला ना आतडं ना मज्जातंतू, नुसती पाणी गाळणाऱ्या पेशींची वस्ती. 1907 मध्ये विल्सन या प्राणिशास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून पेशी सुट्या केल्या, तर त्या पुन्हा एकत्र येऊन स्पंज झाला. जेलीफिशला पेशींचे दोन थर आणि एकच तोंड, खायला तेच नि टाकायला तेच. पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारी निळी फुग्यासारखी 'पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर' याच संघातली, पण तो एक प्राणी नसून वसाहत आहे. वाळूत मेलेली दिसली तरी हात लावायचा नाही. तिचे डंख मेल्यावरही काम करतात.

कृमींबद्दल एक सावधगिरी. पुस्तकातल्या क्रमामुळे मुलांना वाटतं की चपटे कृमी, गोल कृमी, गांडूळ, मग खेकडा अशी ती शिडी आहे. तसं नाही. 1997 पासून जनुकांवरून असं दिसतं आहे की गोल कृमी हे संधिपादांचे नातेवाईक, दोघेही कात टाकतात. आणि गांडूळ, वलयं असूनही, तिसऱ्यांच्या बाजूचा. उत्तरपत्रिकेत मात्र पुस्तकात आहे तेच लिहायला सांगा, गुण तिथेच आहेत. आणखी एक: नोंदलेल्या प्राणिजातींपैकी पाचांत सुमारे चार संधिपाद असताना पुस्तकाची अर्धी पानं कणा असलेल्यांवर जातात. मला हे कधीच आवडलं नाही.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या बाजूला पावसाळ्यात कधी गेलात तर ओल्या मातीत देवगांडूळ दिसू शकतं. वलयं तशीच, पाय नाहीत, कोणीही गांडूळच म्हणेल. पण त्याला कणा आहे, जबडा आणि दात आहेत. तो बेडकाच्या वर्गातला उभयचर. गोव्याचं नाव मिळालेली 'गेगेनिओफिस गोवाएन्सिस' ही जात 2007 मध्ये नोंदली गेली. मुलीने गांडूळ आणि देवगांडूळ यांतले फरक न अडखळता सांगितले तर समजा धडा झाला.

खडकांवर जायचं तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, सुकती पुरती लागायच्या तासभर आधी, आणि पावसाळ्यात मुळीच नाही. शंकूच्या आकाराचे सुंदर शंख जिवंत असतील तर उचलू नका, त्यातले काही विषारी काटा मारतात. जून-जुलैत ट्रॉलरना बंदी असते तेव्हा नदीतली सुंगटं चालतील, मांडणी तीच.