‘आज देते’ची सवय

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे. अकाउंट्समधली पहिलीच नोकरी, सात महिने झालेत. महिनाअखेरचं बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आमच्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं, माझ्याकडे असतं. साहेबांनी ‘कधी होईल?’ विचारलं की मी ‘आज देते’ म्हणते आणि ते परवावर जातं. रोज सगळ्यांच्या शेवटी निघते. तरी नवं काम माझ्याबरोबर लागलेल्या मुलीला मिळालं. ती सहाच्या ठोक्याला घरी जाते. कन्फर्मेशन (नोकरीत कायम होणं) तोंडावर आलंय. माझं काय चुकतंय?

उत्तर : तू उशिरापर्यंत बसतेस हे साहेबांच्या लक्षातही नसेल. ‘आज’ म्हटलेलं आज आलं नाही, हे मात्र पक्कं लक्षात असणार.

मीही हेच केलंय. पहिल्या नोकरीत माझा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंच्या बेरजेचा तक्ता) जुळेना, फरक २७० चा. विचारलं तर अडाणी ठरू, म्हणून दोन दिवस एकेक व्हाउचर उपसत बसले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचे सीनियर आपणहून उठून आले. २७० ला नऊनं भागलं आणि म्हणाले, ‘पूर्ण भाग जातोय ना? मग आधी उलटे पडलेले आकडे शोध.’ ६३० च्या जागी मी ३६० लिहिलं होतं. दहा मिनिटांत सापडलं. (तुझ्याही कामात ही युक्ती चालेल. दर वेळी कारण तेच नसतं, पण सुरुवात तिथून करावी.) साहेब त्या चुकीवर चिडलेच नाहीत, चिडले ते माझ्या दोन दिवसांच्या गप्प बसण्यावर.

तेव्हा अर्धा तास अडलीस की उठ आणि विचार. मात्र काय काय तपासून झालंय ते आधी सांग.

‘आज देते’ हा काही खोटेपणा नाही. वेळेचा अंदाज सगळ्यांचाच तोकडा पडतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये त्याला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नावच दिलं. उपाय साधा आहे : मागच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती दिवस लागले ते वहीत काढ आणि तोच आकडा सांग. तरीही लांबतंय असं दिसलं तर दुपारीच कळव, ‘तीन नोंदी अडल्यात, उद्या बारापर्यंत देते.’ संध्याकाळी सातला कळवून साहेबांना काहीच हलवता येत नाही.

त्या मुलीवर रागावू नकोस. ती सहाला कशी निघते, ते तिलाच विचार. आणि कन्फर्मेशनची वाट न बघता साहेबांकडे पंधरा मिनिटं माग. जाताना ती वही ने.