इंग्रजीतल्या ‘कलर’ या शब्दाचे रंगाशिवाय आणखी कोणते अर्थ होतात?

बरेच होतात, पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कायद्यातला अर्थ. तिथे ‘कलर’ म्हणजे वरवरचा मुलामा, खरेपणाचा आव. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचं मूळ ‘झाकणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात, हे लक्षात घेतलं की तो लगेच पटतो. आपल्याकडे ‘कलरेबल लेजिस्लेशन’ म्हणतात ते हेच: विधिमंडळाला ज्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार नाही, तो दुसऱ्याच विषयाचं सोंग देऊन करणं. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली ओरिसाच्या गजपती नारायण देव खटल्यात हे तत्त्व नीट मांडलं. जे थेट करता येत नाही, ते आडवाटेनेही करता येत नाही.

दुसरा अर्थ निशाणाचा. पलटणीचा ध्वज म्हणजे ‘कलर’. लढाईच्या धुरात सैनिकाला आपला ध्वज ओळखता यावा म्हणून तो रांगांसमोरून फिरवत. लंडनमधला दर जूनचा ‘ट्रूपिंग द कलर’ हा लष्करी संचलनाचा सोहळा त्यातूनच आला. ‘विथ फ्लाइंग कलर्स’ मात्र जहाजांवरून आलं: निशाण फडकवत परतणं, म्हणजे दणदणीत यश.

‘ऑफ कलर’ जपून वापरा. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ बरं नसणं, अमेरिकेत बहुधा चावट बोलणं. माणसांबद्दल बोलताना तर फारच जपा. ‘पीपल ऑफ कलर’ आज चालतं, पण ‘कलर्ड’ हा अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अपमान समजला जातो. दक्षिण आफ्रिकेत मात्र ते एका समाजाचं प्रचलित नाव आहे.

भौतिकशास्त्रात क्वार्क या मूलकणालाही ‘कलर’ असतो. त्याचा डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी काही संबंध नाही.