प्रश्न तुमचे: दुसरी बस कुठून मिळेल?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की घराला कुलूप घातलं त्या मिनिटापासून प्रवास धरायचा आणि टेबलाशी जाऊन बसलात की संपला म्हणायचं. त्यावर पत्रांचा ढीग आला. त्यातली पाच इथे घेतो. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी तीस वर्षं बसची वेळापत्रकं आखली. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. अजूनही इंदूरच्या लोकमान्यनगर स्टेशनच्या बाकावर बसून वहीत गाड्यांच्या वेळा टिपतो. घरात यावर काय बोललं जातं ते छापण्यासारखं नाही.

आमची सूनबाई सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपनीत आहे आणि आम्ही राहतो सिलिकॉन सिटीत. ई-रिक्षा, मग बस, मग पुन्हा बस, पुन्हा रिक्षा. पावणेदोन तास एका बाजूचे! तीन महिने काढून तिने स्कूटी घेतली. ए.बी. रोडच्या ट्रकांमधून जाते म्हणून जीव टांगणीला. मेट्रो झाली की सुटेल का हे? – सौ. मी. दे., राऊ

ताई, मेट्रोची वाट बघत बसू नका. 31 मे 2025 ला, अहिल्यादेवींच्या 300 व्या जयंतीला, गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर असा जेमतेम सहा किलोमीटरचा, पाच स्टेशनांचा तुकडा सुरू झाला. आराखड्यातलं पूर्ण वर्तुळ सुमारे 31 किलोमीटरचं आहे. ते विमानतळ, बडा गणपती, राजवाडा, रेल्वे स्टेशन, पलासिया, विजयनगर असं फिरतं आणि राऊच्या वाटेला जातच नाही. वर्तुळ पुरं झालं तरी तुमच्या सूनबाईंना गाडी बदलावीच लागणार. म्हणून प्रश्न बदलण्याच्या जागेचा आहे.

एका मंगळवारी मी मुद्दाम भंवरकुआंला उतरून दुसरी बस पकडायला गेलो. एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत पावलं मोजली: 340. मध्ये एक रस्ता ओलांडायचा, एक उघडी नाली, उसाच्या रसाचा एक गाडा (तिथे थांबलो, हे कबूल). पुढची बस किती वाजता, हे विचारायला माणूस नाही, पाटी नाही. सूनबाईंची तीन महिन्यांत दमछाक झाली ती इथे. धावत्या बसमध्ये माणूस निदान पुढे सरकत असतो. थांब्यावर नुसतं घड्याळ सरकतं.

आता मागायचं काय ते सांगतो. आपल्याकडे राऊहून सुपर कॉरिडॉरला जायचं म्हटलं की डोक्यात आधी शहराचा मध्य येतो. वास्तविक पश्चिमेचा रिंग रोड आहे की! राऊ, राजेंद्रनगर, फुटी कोठी, चंदननगर, मग एअरपोर्ट रोडने गांधीनगर. या वाटेने थेट बस मागा आणि ती गांधीनगर मेट्रो स्टेशनच्या जिन्याशी थांबली पाहिजे, समोरच्या बाजूला नाही, असं अर्जात लिहा. बदली एकच आणि तीही छपराखाली. दुसरं म्हणजे रेल्वे. राऊ, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सैफीनगर, इंदूर ही स्टेशनं आपल्या अंगणात आहेत. महूच्या या लाइनवर सकाळी ऑफिसच्या वेळेला ठरावीक अंतराने लोकल धावली, तर अर्धं ए.बी. रोड मोकळं होईल असं माझं मत आहे. मेट्रो पुढे रेल्वे स्टेशनशी येईल तेव्हा हा सांधा सोन्याचा ठरेल. तो आत्ताच कागदावर आला पाहिजे. नंतर जिने बांधायला जागा उरत नाही.

आणि स्कूटीबद्दल तिला बोलू नका. तिने हिशेब बरोबरच केला आहे.

काका, बोर्डावर "दर 10 मिनिटांनी" लिहिलंय. मी वीस मिनिटं उभा असतो आणि मग दोन बस एकामागे एक येतात. पुढची गच्च, मागची रिकामी. ड्रायव्हर गप्पा मारत येतात का? – अ. कु., बारावी, विजयनगर

अरे, ड्रायव्हरच्या गप्पांनी हे होत नाही. एक बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली असं समज. पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी दोन मिनिटांची जास्त माणसं जमलेली. ती चढायला वेळ, सुट्ट्या पैशांना वेळ, म्हणून ती आणखी मागे पडते. पाठीमागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, ती सुसाट येते. पाचसहा थांब्यांत ती पुढचीच्या शेपटाला. पंगतीत एक वाढपी भाताशी अडला की मागचा वरणवाला त्याच्या पाठीला येऊन टेकतो ना, तसं.

आता तुझं गणित. बस बरोबर दर 10 मिनिटांनी आली, तर केव्हाही थांब्यावर येणाऱ्याची सरासरी वाट 5 मिनिटं. त्याच बस जोडीजोडीने दर 20 मिनिटांनी आल्या, तर 10. बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, ड्रायव्हर तेवढेच. वाट मात्र दुप्पट. आणि कागदोपत्री अहवालात दोन्हीकडे "तासाला 6 फेऱ्या" असंच दिसणार.

उपाय जुना आहे. मार्गाच्या मध्यावर एक माणूस किंवा एक पडदा हवा, जो मागच्या ड्रायव्हरला सांगेल, "तीन मिनिटं थांब." थांबलेल्या बसमधले प्रवासी शिव्या देतात, तेवढं सोसायचं. आम्ही हे वही-पेन्सिलीवर करत होतो. आता प्रत्येक बसला जीपीएस लावता येतो, तरी त्याचा उपयोग बस कुठे आहे हे बघण्यापुरता होतो, बस कुठे असायला हवी यासाठी क्वचित. तुला बारावीनंतर कोणतं शास्त्र घ्यावं असा प्रश्न पडला असेल तर हेही एक शास्त्र आहे.

बीआरटीएस काढली हे बरं झालं की वाईट? एका शब्दात सांगा. – श्री. व. जो., पलासिया

एका शब्दात जमत नाही, चार ओळी घेतो. 2013 मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साधारण साडेअकरा किलोमीटरची फक्त बससाठीची वेगळी लेन, म्हणजे ही बीआरटीएस, सुरू झाली. 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर ती काढायला सुरुवात झाली. रेलिंगसाठी मी रडणार नाही. फलाटासाठी मात्र वाईट वाटतं. तिथे फलाट आणि बसची फरशी एका पातळीत होती, गुडघे दुखणारी बाई साडी न सावरता आत जायची. आता रस्त्यावरून चढायचं. लो-फ्लोअर बसची फरशी रस्त्यापासून सुमारे 400 मिलिमीटर उंच असते, सेमी-लोची 650. थांब्याचा ओटा 150 मिलिमीटर उचलला आणि बस त्याला अगदी चिकटून उभी राहिली, तर लो-फ्लोअरची पायरी 250 ची होते. नवे थांबे बांधताना एवढं तरी करावं. चिकटून उभी राहायला समोर रिक्षा नको, हे ओघाने आलंच.

साहित्य सभेचा कार्यक्रम साडेनऊला संपतो. जाताना बस मिळते, येताना नाही. आम्हा म्हाताऱ्यांनी कार्यक्रम अर्धा सोडून उठायचं का? – श्रीमती शा. के., सुदामानगर

नका उठू. शाबाईंचं पत्र वाचून मला माझंच एक पाप आठवलं. नोकरीत असताना मी एका मार्गावरची रात्रीची शेवटची फेरी कापली होती. सहासात प्रवासी असायचे, तोटा दिसत होता. दोन महिन्यांत त्या आधीची फेरी रिकामी झाली. तीही कापली. मग संध्याकाळची जाणारी माणसंही कमी झाली, कारण परतीची खात्री नसेल तर माणूस जातानाच स्कूटर काढतो. शेवटच्या बसमधले सात जण मी मोजले. तिच्या भरवशावर आधीच्या बसने परतणारे पन्नास जण मोजायला विसरलो. शेवटची बस ही विम्याचा हप्ता आहे. सभेच्या कार्यकारिणीला सांगा, कार्यक्रमांच्या तारखांसह एकत्र अर्ज करा. आणि मान्य झाली तर चार महिने तरी त्या बसने जा, जावयाला गाडी घेऊन बोलावू नका.

आमच्या वसाहतीत 400 फ्लॅट आहेत. बस आत, मुख्य इमारतीपर्यंत यावी असा ठराव झाला आहे. अर्जाचा मसुदा करून द्याल का? – सचिव, एक रहिवासी संघ, निपानिया

मसुदा देतो, पण "आत" हा शब्द काढून.

निपानिया, बिचोली, लिंबोदी धरून 29 गावं महापालिकेत आली. शेतं गेली, टॉवर आले, रस्ते मात्र पायवाटेचेच राहिले. विजयनगर चौराह्याला (आपण इंदूरचे मराठी लोक चौक म्हणत नाही, पुण्याचे पाहुणे हसतात तर हसू देत) जाऊन परत यायला छोट्या बसला, थांबे धरून, 40 मिनिटं धरा. वर चालकाच्या चहाची 5. तीन बस मिळाल्या तर दर 15 मिनिटांनी एक. आता ती पाच वसाहतींच्या आत वळवली, प्रत्येकी 4 मिनिटं, की फेरी 65 ची झाली. त्याच तीन बस आता दर 22 मिनिटांनी. तुमच्या दारात येण्यासाठी तुम्हीच सात मिनिटांपर्यंत जास्त थांबणार आणि बाकीच्या चार वसाहतींच्या आत विनाकारण फिरणार.

त्यापेक्षा बस मुख्य रस्त्यावर राहू दे. तुमच्या पत्राला जोडलेला नकाशा मी पट्टी लावून पाहिला. मागच्या गेटपासून मुख्य रस्ता 150 मीटर. पुढच्या गेटने वळसा घालून 900. मागचं गेट चोऱ्या होतात म्हणून कायमचं बंद ठेवलंय, असं तुम्हीच शेवटच्या परिच्छेदात लिहिलंत. तेव्हा पहिला अर्ज तुमच्याच संघाकडे: मागचं गेट सकाळी 6 ते रात्री 10, माणसाच्या रुंदीएवढं, एक दिवा, एक चौकीदार. दुसरा अर्ज बससाठी, तो मी पोस्टाने पाठवतो आहे. त्यात थांब्याची जागा गेटासमोर दाखवली आहे, त्यामुळे गेट उघडल्याशिवाय तो देऊ नका. किल्ली सध्या कोणाकडे आहे तेवढं कळवा.