रेडिएशन चालू असताना हार्मोनची गोळी घ्यावी का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. स्तनातील गाठ काढल्यावर अहवाल 'ई.आर. पॉझिटिव्ह' (म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर वाढणारी गाठ) आला आणि लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी सुरू झाली. आता तीन आठवड्यांचे रेडिएशन ठरले आहे. या गोळीमुळे कर्करोगाच्या पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत, असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून त्या गोळी घ्यायला तयार नाहीत. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ही शंका निराधार नाही, मात्र ती मुळात टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या हार्मोनच्या गोळीबद्दलची आहे आणि प्रयोगशाळेत जन्मलेली आहे. किरणांचा घाव पेशीच्या डीएनएवर बसतो आणि विभाजनाच्या उंबरठ्यावरील पेशी त्याला सर्वाधिक बळी पडतात. टॅमॉक्सिफेन पेशींना त्याआधीच्या टप्प्यातच थोपवून धरते; त्यामुळे त्यांना डीएनए दुरुस्त करायला सवड मिळेल आणि किरणांचा परिणाम उणावेल, अशी भीती एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवरील प्रयोगांमुळे निर्माण झाली. परंतु थोपवलेली पेशी दोन सिटिंगांमधल्या काळात आपली संख्याही वाढवू शकत नाही, ही बाजू सहसा कोणी सांगत नाही. पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, टॅमॉक्सिफेन रेडिएशनबरोबर घेणाऱ्या आणि नंतर घेणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याच स्तनात आजार उलटण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

लेट्रोझोलचे काम निराळे आहे. ते अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) रोखून शरीरात इस्ट्रोजेन तयार होणेच कमी करते, आणि प्रयोगशाळेत तर त्याने पेशी किरणांना अधिक संवेदनशील केल्याचे दिसले आहे. फ्रान्स व स्वित्झर्लंडमधील १५० स्त्रियांच्या चाचणीत (२०१०) ते रेडिएशनबरोबर दिले किंवा नंतर दिले, तरी त्वचेवरील त्रासात फरक पडला नाही. आजार उलटण्याबाबतचा निर्णय देण्यासाठी मात्र ती चाचणी लहान होती.

काही डॉक्टर गोळी रेडिएशननंतर सुरू करतात. टॅमॉक्सिफेनबरोबर रेडिएशन घेतल्यास फुप्फुसाच्या ऊती घट्ट होण्याचे प्रमाण काही अभ्यासांत वाढलेले दिसले, हे त्यामागचे एक कारण आहे. औषध निदान पाच वर्षे घ्यायचे असल्याने काही आठवडे थांबणे त्यांना सुरक्षित वाटते. म्हणूनच दोन रुग्णालयांचा क्रम वेगळा असला, तरी त्यांपैकी एक चुकीचा ठरत नाही.

सासूबाईंनी गोळी स्वतःहून बंद करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. गोळी देणाऱ्या आणि रेडिएशन देणाऱ्या, अशा दोन्ही डॉक्टरांना पहिल्या सिटिंगपूर्वी ही शंका विचारावी. रेडिएशन संपल्यावर पुढील काही महिन्यांत कोरडा खोकला किंवा धाप लागू लागली, तर सर्दी समजून घरी न थांबता डॉक्टरांना लगेच दाखवावे.